लक्षद्वीपची जमीन जिवंत आहे, म्हणजे नेमकं काय?

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या दौऱ्याचे फोटो आले आणि लक्षद्वीपला कसं जायचं हे शोधणाऱ्यांची झुंबड उडाली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना तिथले प्रवाळ, म्हणजे चुन्याचा सांगाडा बांधत वाढणारे छोटे समुद्री जीव, उष्णतेने मोठ्या प्रमाणावर पांढरे पडलेले आढळले. या दुसऱ्या बातमीकडे फारसं कुणी पाहिलं नाही. तेव्हापासून रिसॉर्ट, जेट्टी, धावपट्टी यांपैकी कशावरही चर्चा सुरू झाली की ती 'विकास हवा की पर्यावरण' या वळणावर येऊन थांबते. लक्षद्वीपपुरता हा प्रश्नच चुकीचा आहे. तिथे पायाखालची जमीन, विहिरीतलं पाणी आणि घरात येणारा पैसा, तिन्ही गोष्टी प्रवाळ जिवंत असण्यावर उभ्या आहेत.

## आधी आकडे

लक्षद्वीपमध्ये ३६ बेटं मोजली जातात, त्यांपैकी १० बेटांवर वस्ती आहे. सगळी जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार त्यावर ६४ हजारांहून अधिक लोक राहतात, म्हणजे दर चौरस किलोमीटरला दोन हजारांहून जास्त. याउलट बेटांना लागून असलेल्या उथळ, शांत पाण्याचं क्षेत्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे. या उथळ पाण्याला लगून म्हणतात. बेट लगूनच्या एका कडेला असतं आणि बाकीच्या कडेने प्रवाळांची भिंत असते. वरून पाहिलं तर बांगडीसारखा आकार दिसतो, म्हणून अशा रचनेला कंकणद्वीप हे नाव आहे.

## ही जमीन आली कुठून?

सह्याद्रीचा काळा पत्थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून तयार झाला. तो लाव्हा पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेतून आला, त्याच जागेवरून भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे समुद्राच्या तळावर ज्वालामुखींची रांग उरली. लक्षद्वीप आणि मालदीव याच रांगेवर आहेत. हे डोंगर हळूहळू खचत समुद्राखाली गेले. प्रवाळाला सूर्यप्रकाश लागतो, त्यामुळे डोंगर जितका खाली गेला तितका प्रवाळ वर वाढत राहिला. आज बेटांवर खडक म्हणून जे दिसतं ते प्रवाळांचे सांगाडे आहेत आणि वाळू म्हणजे त्याच सांगाड्यांचा, शिंपल्यांचा आणि सूक्ष्म कवचधारी जीवांचा चुरा.

हा चुरा करणाऱ्यांत पोपट मासे महत्त्वाचे. चोचीसारख्या दातांनी ते प्रवाळाचा पृष्ठभाग खरवडतात, शेवाळ पचवतात आणि उरलेला चुना वाळूच्या रूपात बाहेर टाकतात. एक मोठा पोपट मासा वर्षाला शंभर किलोंहून अधिक वाळू तयार करू शकतो. कोकणातल्या नद्या डोंगरातून गाळ आणून किनाऱ्याला घालतात. लक्षद्वीपमध्ये नदी नाही, डोंगर नाही. वाळूची नवी भर पडते ती फक्त जिवंत रीफवरून, म्हणजे प्रवाळभिंतीवरून.

लाटा ही वाळू सतत उचलून नेत असतात. जगभरच्या मोजमापांचा आढावा घेतला तर प्रवाळभिंत लाटेची सरासरी ९७ टक्के ताकद किनाऱ्यावर येण्याआधीच शोषून घेते. भिंत झिजली आणि वाळूची भर थांबली, की धूप सुरू होते. बंगारम बेटाजवळचं परळी-१ हे निर्जन बेट असंच पूर्ण झिजून गेल्याचं २०१७ मध्ये समोर आलं.

## पाऊस भरपूर पडतो, मग पाण्याची चणचण कशी?

वर्षाला साधारण १,५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे पुण्यापेक्षा कितीतरी जास्त. पण ओढा, तलाव, धरण यांपैकी बेटावर काहीच नाही. पाऊस थेट वाळूत मुरतो. आणि वाळूच्या खाली सगळीकडे समुद्राचं पाणी आहे.

गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, म्हणून मुरलेला पाऊस खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतो, दुधावर साय धरावी तसा. बेटाच्या मध्यावर हा थर जाड असतो, कडांकडे पातळ होत जातो. भिंगासारख्या आकारामुळे त्याला गोड्या पाण्याचं भिंग म्हणतात. बेटावरच्या सगळ्या विहिरी याच भिंगातून भरतात.

आता थोडं गणित, कारण सगळी गोम त्यातच आहे. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. त्यामुळे गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर गोडं पाणी खाली ४० मीटरपर्यंत जातं. बेटावर ही पातळी मीटरभर नसते, काही सेंटिमीटरच असते. समजा ती १० सेंटिमीटर आहे. म्हणजे भिंग कागदावर ४ मीटर खोल. प्रत्यक्षात भरती-ओहोटीमुळे खालचं पाणी ढवळलं जातं आणि पिण्याजोगा थर आणखी पातळ उरतो.

हेच गणित उलटं फिरवा. विहिरीवर मोटर लावली आणि पातळी ५ सेंटिमीटरने उतरली. वरून पाहणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही. खाली मात्र खारं पाणी २ मीटर वर चढायच्या बेताला येतं. ते सुळक्यासारखं थेट मोटरच्या खालीच चढतं आणि एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोडी व्हायला पुढचे पावसाळे जावे लागतात. पोहऱ्याने काढायच्या काळात हा धोका नव्हता, कारण पोहऱ्याने एका वेळी फार पाणी निघतच नाही. त्यामुळे नियम असा: उथळ विहिरी, लहान मोटर, थोडा थोडा वेळ उपसा आणि एकाच जागी भार देण्याऐवजी अनेक जागी वाटून.

दुसरं संकट सांडपाण्याचं. प्रवाळी वाळू भरड असते. शौचालयाचा शोषखड्डा आणि विहीर एकाच अंगणात असतील तर जंतू गाळले जाण्याआधीच पाण्यात पोचतात. दाट वस्तीत दोन्हींमध्ये पुरेसं अंतर ठेवायला जागा उरत नाही. म्हणून तळ असलेल्या बंद टाक्या आणि त्यांचा नियमित उपसा याला पर्याय नाही. रासायनिक खतांचंही तसंच, टाकलेलं खत सरळ भिंगात उतरतं. लक्षद्वीपने रासायनिक खतं आणि कीटकनाशकं बेटांवर आणायला बंदी केली आणि २०२० मध्ये संपूर्ण प्रदेश सेंद्रिय म्हणून जाहीर झाला. नारळाच्या भावासाठी हा निर्णय चांगला, पण माझ्या मते त्याचा खरा फायदा विहिरींना आहे.

छपरावरचं पाणी साठवणं हा सर्वांत स्वस्त उपाय. १०० चौरस मीटरच्या छपरावर १,५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दीड लाख लिटर, गळती आणि बाष्पीभवन वजा जाता सव्वा लाखाच्या आसपास. पाच जणांच्या घराला पिण्या-शिजवण्यासाठी दिवसाला १०० लिटर धरले, तर कोरड्या १५० दिवसांसाठी १५ हजार लिटरची टाकी पुरते. चुकतं कुठे? पहिल्या पावसाचं पाणी वळवून सोडलं जात नाही, त्यामुळे छपरावरची विष्ठा आणि नारळाचा पालापाचोळा टाकीत जातो. झाकण घट्ट नसतं, जाळी फाटलेली असते, डास होतात. मग लोक टाकीचं पाणी पिणं सोडतात आणि पुन्हा विहिरीकडे वळतात.

## समुद्राचं पाणी गोडं करता येतंच की!

येतं, आणि भारताने इथे जे केलंय त्याचा अभिमान वाटावा. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती या राजधानीच्या बेटावर एक प्रकल्प उभारला. पृष्ठभागावरचं सुमारे २८ अंशांचं पाणी हवेचा दाब अगदी कमी केलेल्या टाकीत सोडतात, तिथे त्यातल्या थोड्या पाण्याची वाफ होते. साडेतीनशे ते चारशे मीटर खोलीवरून आणलेल्या, १२-१३ अंशांच्या थंड पाण्याने ती वाफ थंड करतात. गोडं पाणी तयार होतं. गाळण्याचे पडदे नाहीत, रसायनं जवळपास नाहीत आणि दाट खारट द्रावणही मागे उरत नाही. पुढे अगत्ती, मिनिकॉय आणि इतर बेटांवरही हे प्रकल्प गेले.

कवरत्तीची क्षमता दिवसाला १ लाख लिटर ठरवली होती आणि बेटाची लोकसंख्या ११ हजारांच्या वर. माणशी ९ लिटर. पिण्या-शिजवण्यापुरतं हे पाणी आहे. आंघोळ, धुणं आणि शौचालय पुन्हा विहिरीवरच. भारतीय मानकानुसार साध्या हॉटेलला दर खाटेमागे दिवसाला १८० लिटर पाणी धरतात. म्हणजे एका पर्यटकाच्या खाटेमागे वीस रहिवाशांचा या प्रकल्पातला वाटा. शिवाय पंप चालवायला वीज लागते आणि बेटांवरची बहुतेक वीज जहाजाने आणलेल्या डिझेलवर तयार होते. प्रकल्प वाढवता येतील, वाढवायलाही हवेत. पण प्रत्येक वाढीव लिटरला डिझेलचा खर्च चिकटलेला आहे, आणि वापरून झालेलं पाणी शेवटी त्याच वाळूत मुरणार आहे.

## लोक रोज मासे मारतात, मग संवर्धन कसलं?

सगळ्यांत जास्त गैरसमज इथे आहे. लक्षद्वीपची मुख्य मासेमारी रीफवर होत नाही, ती रीफच्या बाहेर, खोल समुद्रात होते आणि ती कुप्याची, म्हणजे ट्यूनाची असते. पद्धत काठी आणि गळाची. मिनिकॉयची ही जुनी विद्या, १९६० च्या दशकापासून यांत्रिक होड्यांबरोबर इतर बेटांवर पसरली.

पहाटे लगूनमध्ये जाळ्याने लहान मासे धरतात, बोटभर लांबीचे, चंदेरी. ते जिवंत ठेवावे लागतात, म्हणून होडीच्या तळाशी एक हौद असतो आणि त्यात भोकांतून समुद्राचं ताजं पाणी खेळत राहतं. हौदात गर्दी झाली की मासे मरतात आणि दिवस वाया जातो. मग होडी लगूनबाहेर पडते. खलाशी पाणी पाहत नाहीत, आकाश पाहतात: जिथे सुरय पक्षी घिरट्या घालून सूर मारतात तिथे खाली कुप्यांचा थवा असतो. थव्यात शिरल्यावर मूठ मूठ जिवंत आमिष फेकतात आणि पाण्याचे फवारे मारतात, म्हणजे पृष्ठभागावर लहान माशांची झुंड उसळल्यासारखी दिसते. कुपे चवताळून झेपावतात. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे काठी वर झटकली की मासा आपोआप सुटून डेकवर पडतो आणि त्याच क्षणी गळ पुन्हा पाण्यात. थवा टिकतो काही मिनिटंच, एवढ्यात होडी भरून जाऊ शकते.

या पद्धतीत कासव सापडत नाही, डॉल्फिन सापडत नाही, नको असलेला मासा जवळपास येतच नाही. पकडलेला कुपा उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवतात. त्याचं मासमीन होतं आणि ते बर्फाशिवाय महिनोन्महिने टिकतं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात.

आता साखळी पाहा. आमिषाचे मासे लगूनमध्ये राहतात, त्यांतल्या काही जाती तर फांद्यांच्या प्रवाळातच आसरा घेतात. प्रवाळ मेला की आमिष घटतं, आणि आमिष नसेल तर बाहेर कुप्यांचे थवे उसळत असले तरी होडी जाऊन उपयोग नाही. सुरय पक्ष्यांसाठी पिट्टी हे कवरत्तीजवळचं एक-सव्वा हेक्टरचं, झाडझुडूप नसलेलं बेट अंडी घालण्याची मोठी जागा आहे. तिथे अंडी उचलली गेली तर पुढे समुद्रात थवा शोधून देणारे डोळे कमी होतात. पिट्टी अभयारण्य का आहे, हे मच्छीमाराला समजावून सांगावं लागत नाही.

ही मासेमारी टिकली म्हणूनच रीफवरचे मासे बऱ्याच अंशी वाचले. म्हणून चिंता वाटते ती गेल्या काही वर्षांतल्या बदलाची. आमिष धरण्यासाठी रात्री प्रखर दिवे लावले की एका रात्रीत गरजेपेक्षा कितीतरी जास्त मासे गोळा होतात. अख्ख्या थव्याला वेढून एकदम उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यावर लक्षद्वीपच्या मासेमारी नियमांत बंदी आहे. ती का, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या पारंपरिक मच्छीमारांना वेगळं सांगायला नको. आणि मुख्य भूमीवरून रीफच्या माशांना, विशेषतः हेकरूला, म्हणजे ग्रूपरला, मागणी वाढली आहे.

## हेकरू धरला तर बिघडलं काय?

हेकरू हळू वाढतो. अनेक जातींमध्ये मासे आधी मादी असतात, मोठे झाल्यावर नर होतात. मोठेच मासे उचलले की नर संपतात. त्यात काही जाती अंडी घालायला वर्षातून ठरावीक दिवशी, ठरावीक जागी शेकड्यांनी जमतात. बित्रा बेटाजवळ हिवाळ्यातल्या अमावास्येच्या सुमारास असा मेळा भरतो, हे म्हैसूरच्या नेचर कन्झर्वेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी नोंदवलं आहे. अशा जागी गळ टाकला की भरघोस मासळी मिळते आणि मासे मुबलक आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात आजूबाजूच्या मोठ्या परिसरातले मासे त्या दिवशी तिथे आलेले असतात. चार-पाच हंगामांत तो मेळा कायमचा मोडू शकतो.

उपाय वर्षभराच्या बंदीचा नाही. त्या दोन-तीन महिन्यांत, अमावास्येच्या आगेमागे थोडे दिवस, तेवढीच जागा मोकळी सोडायची. मच्छीमाराचा तोटा नगण्य आणि फायदा पुढच्या पिढीइतका.

## मग सगळ्यावर बंदीच घालून टाकू, असं का नाही?

कारण बेटावर एक धागा ओढला की दुसरीकडे गाठ बसते. अगत्तीचं उदाहरण पाहू. हिरवं कासव कायद्याने संरक्षित आहे आणि असायलाच हवं. अगत्तीच्या लगूनमध्ये त्यांची दाटी इतकी झाली की त्यांनी तिथली सागरी गवताची कुरणं खरवडून संपवली. त्या गवतात माशांची पिल्लं वाढतात, वाळू धरून राहते. मासळी घटल्याची तक्रार मच्छीमार करत होते, ती अडाणीपणाची म्हणून झटकणं सोपं होतं. संशोधकांनी गवताचे तुकडे जाळीने झाकून तुलना केली तेव्हा मच्छीमारांचं म्हणणं खरं निघालं. गवत संपल्यावर कासवं कदमत, कवरत्ती अशा इतर लगूनकडे वळली. कासवांना खाणारे मोठे शार्क जगभर घटले आहेत, हे या दाटीमागचं एक मोठं कारण मानलं जातं. कासवं मारणं हा उपाय नव्हे. कुरणाचे काही भाग कुंपण घालून राखणं आणि शार्क वाचवणं हे उपाय आहेत, दोन्ही सावकाश फळणारे.

बंदी जिथे लागते तिथे मात्र कडकच हवी. समुद्रकाकडी हा जीव तळाची वाळू गिळून, त्यातला सेंद्रिय कचरा पचवून, स्वच्छ वाळू मागे सोडतो. तो वाळवून परदेशात चढ्या भावाने विकला जातो, म्हणून तस्करी चालते. २००१ मध्ये तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, घातला गेला आणि २०२० मध्ये चेरियापाणी इथे २३९ चौरस किलोमीटरचं क्षेत्र खास त्याच्यासाठी राखीव झालं.

## समुद्र तापतोय, तो थांबवणं बेटाच्या हातात थोडंच आहे?

खरं आहे. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात, प्रवाळाचं बहुतांश अन्न तीच तयार करतात. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त, काही आठवडे तापलं की प्रवाळ त्यांना बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पाणी लवकर निवलं तर जगतो, नाहीतर उपासमारीने मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथल्या २४ वर्षांच्या नोंदींनुसार जिवंत प्रवाळाचं आच्छादन १९९८ मधल्या सुमारे ३७ टक्क्यांवरून साधारण १९ टक्क्यांवर आलं, आणि हा आकडा २०२४ च्या आधीचा आहे.

त्याच अभ्यासात एक कामाची गोष्ट सापडली: प्रवाळाला सलग सहा वर्षं शांततेत मिळाली की त्याचं सावरणं ठळक वेग घेतं. अशी सहा वर्षं मिळतील की नाही, हे जगाच्या धुराड्यांवर ठरेल. मिळालेली वर्षं वाया घालवायची की नाही, हे मात्र बेटावरच ठरतं. मेलेल्या सांगाड्यावर शेवाळ माजलं तर प्रवाळाच्या पिल्लांना चिकटायला जागा उरत नाही. शेवाळ खाणारे पोपट मासे पाण्यात हवेत. सांडपाण्याने शेवाळाला खत मिळता कामा नये. जेट्टीसाठी खोदकाम झालं की उठलेला गाळ प्रवाळावर बसतो, म्हणून ते गाळ अडवणारे पडदे लावून आणि प्रवाळाच्या प्रजननाचा काळ टाळून व्हायला हवं. होड्यांनी प्रवाळावर नांगर टाकण्याऐवजी कायमच्या तरंगत्या बोयांना बांधावं.

## पर्यटन नको, असं म्हणायचंय का?

नाही. बेटावरच्या तरुणांना कुपा आणि नारळ यांपलीकडे उत्पन्न हवंय आणि तो त्यांचा हक्क आहे. प्रश्न क्रमाचा आहे. आधी खोल्या ठरवायच्या आणि मग पाणी शोधायचं, हा उलटा क्रम. सुलटा क्रम असा: बेटाच्या भिंगातून कोरड्या महिन्यांत किती उपसा झेपतो ते विहिरींतला क्षार दर महिन्याला मोजून ठरवायचं, त्यातून रहिवाशांचा वाटा आधी बाजूला काढायचा, सांडपाण्याची बंद व्यवस्था उभी करायची, उरलेल्या पाण्यावर खाटांची संख्या बांधायची. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती रवींद्रन समितीच्या शिफारशींवरून प्रत्येक वस्तीच्या बेटाचा व्यवस्थापन आराखडा तयार झाला आणि त्यात बेटावरच्या निवडून आलेल्या संस्थांशी सल्लामसलतीवर भर होता. नवे प्रकल्प आखताना तेच आराखडे आधी उघडायला हवेत. मच्छीमारांनी स्वतः ठेवलेल्या रोजच्या पकडीच्या वह्याही तिथे काही बेटांवर आहेत. आमिष कुठे, किती, कोणत्या महिन्यात मिळालं, याची इतकी बारीक माहिती दुसऱ्या कुणाकडे नाही.

इथून जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. परवाना लागतो, तो आधी काढा. उथळ पाण्यात प्रवाळावर उभं राहू नका. पायाखाली तुटलेली बोटभर फांदी परत वाढायला जातीनुसार एक ते अनेक वर्षं लागतात. कठीण प्रवाळ, मेलेलासुद्धा, पिशवीत घालून आणणं गुन्हा आहे. खोली घेताना सांडपाणी कुठे जातं ते विचारा. चार पाहुण्यांनी विचारलं तर मालक विचार करायला लागतो. आणि जेवायला कुपा मागवा, हेकरू किंवा पोपट मासा नको.